एकट्याने सोल: राजवाडे सोपे, जेवणाचं तेवढं बघा

सोलमध्ये एकट्या माणसाला राजवाडे बघणं अगदी सोपं आहे, आणि मनासारखं जेवणं त्यामानाने बरंच अवघड. नवखे प्रवासी तयारी मात्र नेमकी उलटी करतात. कुठल्या राजवाड्यात किती वाजता जायचं याचं कोष्टक घरून करून नेतात आणि जेवणाचं 'तिथे गेल्यावर बघू' म्हणतात. मग दुपारी अडीचला भूक लागते. एक हॉटेल एकट्याला बसवून घेत नाही, दुसरं तीन वाजता बंद व्हायच्या बेतात असतं, तिसऱ्यात सूप 'व्हेज' दिसतं पण त्यात सुकटीचं पाणी असतं. म्हणून या लेखात राजवाड्यांइतकीच जागा जेवणाला दिली आहे.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर दक्षिण कोरियाला जायला व्हिसा लागतो. मुंबईत कोरियाचा महावाणिज्य दूतावास आहे. अर्ज कुठे आणि कसा द्यायचा याची चालू पद्धत त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच कामाला लागा, कारण एजंट लोक जुनी माहिती बिनधास्त सांगतात. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र, राहण्याचं बुकिंग आणि दिवसवार कार्यक्रम ही नेहमीची कागदपत्रं. एकट्याने जाणाऱ्याने कव्हरिंग लेटर जरा मन लावून लिहावं: का चाललोय, खर्च कोण करतंय, परत कधी येणार. गोलमोल लिहू नका. तारखा आणि जागा द्या.

कोरियात उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा.

ऋतूचं म्हणाल तर एप्रिल आणि ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य, हे दोनच काळ मी डोळे मिटून सुचवीन. एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर असतो, शरदात राजवाड्यांच्या बागा लाल-पिवळ्या होतात. जूनअखेर ते जुलै पावसाळा. जानेवारीत पारा उणे दहाच्याही खाली जातो आणि राजवाड्यांची पटांगणं उघडी असल्यामुळे वारा थेट अंगावर येतो. चुसोक आणि सल्लाल या दोन मोठ्या सणांच्या दिवसांत जाणं टाळलेलं बरं. राजवाडे तेव्हा चालू असतात, पण छोट्या खानावळी बंद आणि रेल्वेची तिकिटं आधीच संपलेली. एकट्याची खरी अडचण तेव्हा होते.

फोनमध्ये 'नेव्हर मॅप' किंवा 'काकाओ मॅप' घालून घ्या. गूगल मॅप्सच्या भरवशावर सोलच्या गल्ल्यांत चालायला निघू नका. भाषांतरासाठी 'पापागो' उत्तम, त्यात मेनूचा फोटो काढला की कामापुरतं कळतं. सिम घेताना फक्त डेटाचं न घेता कोरियन नंबर मिळणारं घेतलं तर बरं, कारण गर्दीच्या हॉटेलांबाहेर रांगेसाठी जे मशिन असतं ते मोबाइल नंबर मागतं. आणि १३३० हा पर्यटकांच्या मदतीचा नंबर सेव्ह करा. तिथे इंग्रजीत बोलता येतं. हरवलेल्या बॅगेपासून दुकानदाराशी झालेल्या वादापर्यंत कशासाठीही तिथे फोन करता येतो. पोलीस ११२, अ‍ॅम्ब्युलन्स ११९.

भारतापेक्षा घड्याळ साडेतीन तास पुढे. वीज २२० व्होल्टच, पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, अडॅप्टर न्या.

राहायचं कुठे, फिरायचं कसं

राजवाडे आणि जुनं जेवण हाच हेतू असेल तर जोंगनो भागात राहा. आनगुक, इन्सादोंग, जोंगनो साम-गा किंवा ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या पश्चिमेचं सोछोन, यांपैकी कुठलाही भाग धरला की चार राजवाडे पायी किंवा दोन-तीन स्टेशनांवर येतात. म्यंगदोंग आणि होंगदे झगमगीत आहेत, पण सकाळी नऊला राजवाड्याच्या दारात उभं राहायचं असेल तर तिथून रोजची धावपळ.

एखादी रात्र तरी हानोकमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लाकडी घरात काढा. जमिनीवर गादी, कागदी दारं, खालून ऊब देणारी जमीन. भिंती पातळ असतात, शेजारच्याचं घोरणं ऐकू येतं, आणि न्हाणीघर एवढंसं असतं की अंघोळ करताना सगळंच ओलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी राजवाड्यात जमीन खालून तापवण्याची ती ओनदोल पद्धत बघताना, आपण रात्री यावरच झोपलो होतो हे लक्षात येतं आणि वास्तू एकदम कळायला लागते.

विमानतळावरून सोल स्टेशनपर्यंत विमानतळ रेल्वे आहे. जलद गाडी साधारण पाऊण तासात नेते, सगळी स्टेशनं घेणारी तासाभरात आणि निम्म्याहून कमी पैशांत. एकट्याला दुसरीच पुरते. पोचल्यावर कुठल्याही छोट्या चोवीस तास दुकानात टी-मनी कार्ड घ्या. ते मेट्रो, बस दोन्हीला चालतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: कार्ड भरायला बहुतेक ठिकाणी रोखच लागते. बाकी सगळा देश कार्डावर चालतो, पण टी-मनीसाठी आणि बाजारातल्या मावशींसाठी खिशात वॉन हवेत. दिवसातून चार-पाचदा मेट्रो घेणार असाल तर क्लायमेट कार्ड या अमर्याद प्रवासाच्या कार्डाचा पर्यटक पास परवडतो; तीन दिवसांचा १०,००० वॉनला आहे.

राजवाड्यांचा क्रम

सोलमध्ये १९१० पर्यंत कोरियावर राज्य करणाऱ्या जोसोन घराण्याचे पाच राजवाडे आहेत: ग्योंगबोकगुंग, छांगदॉकगुंग, छांगग्योंगगुंग, दॉकसूगुंग आणि ग्योंगहीगुंग. नावं पहिल्या दिवशी सगळ्यांचीच गोंधळतात. मेट्रोत ऐकून उतरू नका, नकाशावर बघून उतरा.

सगळ्यात आधी सुट्टीचे वार पाठ करा. ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद. छांगदॉकगुंग, छांगग्योंगगुंग आणि दॉकसूगुंग सोमवारी बंद. राजांच्या पूर्वजांचं देवालय असलेलं जोंगम्यो मंगळवारी बंद. म्हणजे तुमच्या प्रवासात सोमवार-मंगळवार येत असतील तर सोमवारी ग्योंगबोकगुंग आणि मंगळवारी बाकीच्यांपैकी एक, असं आपोआप ठरतं. सुट्टीच्या वारी सार्वजनिक सण आला तर राजवाडा उघडा राहतो आणि दुसऱ्या दिवशी बंद.

तिकिटं आपल्या मानाने स्वस्त आहेत: ग्योंगबोकगुंग आणि छांगदॉकगुंग प्रत्येकी ३,००० वॉन, छांगग्योंगगुंग आणि दॉकसूगुंग प्रत्येकी १,०००. हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून गेलात तर फुकट. छांगदॉकगुंगच्या मागच्या बागेचं तिकीट ५,००० वॉन आणि ते वेगळं. त्याबद्दल पुढे.

पाचही करायचा अट्टहास नको. ग्योंगहीगुंगच्या मूळ इमारती जवळजवळ सगळ्या गेल्या, वेळ कमी असेल तर सरळ सोडून द्या.

पहिला दिवस: ग्योंगबोकगुंग

मेट्रोच्या तीन नंबरच्या मार्गावर ग्योंगबोकगुंग स्टेशन, पाच नंबरचा दरवाजा. बाहेर पडलात की थेट राजवाड्याच्या आवारातच येता. पण मी सांगेन, थोडं वळसा घालून ग्वांगह्वामुन या मुख्य वेशीसमोर जा आणि तिथून आत शिरा. वेशीसमोर अग्नीपासून राखण करणारे दोन दगडी प्राणी बसलेत, त्यांना हेते म्हणतात. वेशीपुढचा रुंद दगडी ओटा २०२३ साली पुन्हा बांधून काढला आहे. सकाळी १० आणि दुपारी २ वाजता पहारा बदलण्याचा सोहळा इथेच होतो. ढोल, शिंगं, रंगीत झेंडे. गर्दी होते, पण एकट्या माणसाला पुढे जागा मिळतेच.

हा राजवाडा १३९५ सालचा, जोसोनचा संस्थापक राजा तेजो याने बांधलेला. १५९२ च्या जपानी स्वारीत तो जळाला आणि जवळजवळ पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला. १८६७ मध्ये राजा गोजोंगच्या काळात त्याच्या वडिलांनी तो पुन्हा उभा केला. मग विसाव्या शतकात जपानी राजवटीने बहुतेक इमारती पाडल्या किंवा हलवल्या आणि समोरच आपली सरकारी कचेरी बांधली. ती कचेरी १९९५-९६ मध्ये कोरियाने पाडून टाकली. हे माहीत नसेल तर आत गेल्यावर 'सगळं नवंच दिसतंय' असं वाटून हिरमोड होतो. बरंचसं नवं आहेच. त्यामुळे इथे जुनं लाकूड शोधू नका, रचना बघा.

गुनजोंगजोन या सिंहासनाच्या दालनासमोरच्या पटांगणात जरा वेळ उभे राहा. फरशी ओबडधोबड, एकही दगड सरळ नाही. त्यामुळे उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही आणि पावसाचं पाणी वाहून जातं. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना छोटे दगडी खांब आहेत, त्यांवर दरबाऱ्यांच्या श्रेणी कोरलेल्या: पूर्वेला मुलकी अधिकारी, पश्चिमेला लष्करी. खाली वाकून बघितलंत तर फरशीत लोखंडी कड्याही दिसतील, त्या मांडवाचे दोर बांधायला. दालनात डोकावून सिंहासनामागचा पडदा बघा: सूर्य, चंद्र आणि पाच डोंगर. राजा जिथे बसे तिथे हा पडदा असे. मग मान वर करून छताच्या मधोमध दोन सोनेरी ड्रॅगन शोधा आणि त्यांच्या पंजांची नखं मोजा. सात आहेत. बहुतेक लोक सेल्फी काढून निघून जातात, वर कोणी बघत नाही.

पुढे डावीकडे ४८ दगडी खांबांवरचं ग्योंगह्वेरू हे मेजवान्यांचं दालन तळ्यात उभं आहे. बाहेरच्या रांगेतले खांब चौकोनी, आतले गोल. राणीच्या महालामागे पायऱ्यापायऱ्यांची छोटी बाग आणि त्यात नक्षीदार विटांची धुराडी. ओनदोलचा धूर जमिनीखालून नेऊन इथे बाहेर काढत. धुराड्यावर फुलं-पक्षी काढण्याची हौस मला त्या सिंहासनापेक्षा जास्त आवडते.

अगदी मागे, उत्तरेकडे गोनछोंगगुंग आहे. पर्यटकांचे गट तिथवर क्वचितच पोचतात. १८८७ मध्ये कोरियातला पहिला विजेचा दिवा इथे लागला आणि १८९५ मध्ये राणी म्योंगसोंगची जपानी मारेकऱ्यांनी हत्या केली तीही इथेच. आवार साधं, रंग न दिलेलं. निवांत बसायला ओसरी आहे.

राजवाड्यात इंग्रजीतून फुकट गाइडची फेरी दिवसातून काही वेळा असते. ती जरूर घ्या, एकट्याला तेवढीच सोबत. वेळा दारावर लिहिलेल्या असतात.

हानबोक घालावा का? एकदा घाला, लाजू नका. स्टेशनजवळ भाड्याने देणाऱ्या दुकानांची रांगच आहे. दोन-चार तासांचे साधारण पंधरा ते तीस हजार वॉन घेतात. केस बांधून देतात, सामान ठेवायला लॉकर देतात. एकट्याने गेलात तर फोटोची चिंता करू नका. तिथे प्रत्येकालाच फोटो हवे असतात. आधी दुसऱ्याचा काढून द्या, मग आपला फोन पुढे करा. मात्र हानबोक ग्योंगबोकगुंगपुरताच ठेवा. छांगदॉकगुंगच्या बागेत चढ-उतार आहेत, तिथे घेरदार परकर सांभाळत चालणं म्हणजे शिक्षा.

दुपारी बुकछोनच्या हानोक गल्ल्यांत फिरता येईल, पण तिथे लोक राहतात. जिथे सर्वांत जास्त गर्दी होते त्या पट्ट्यात पर्यटकांना फक्त सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेत जाऊ देतात. या वेळेबाहेर सापडलात तर १,००,००० वॉन दंड.

दुसरा दिवस: छांगदॉकगुंग आणि मागची बाग

एकच राजवाडा बघायला वेळ असेल तर हा बघा. १४०५ सालचा, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. ग्योंगबोकगुंग सरळ रेषेत आखलेला, तर हा डोंगराच्या उताराप्रमाणे वळत गेलेला. १५९२ नंतर राजे पिढ्यानपिढ्या इथेच राहिले. १९१७ च्या आगीनंतर ग्योंगबोकगुंगमधले राजा-राणीचे महाल उतरवून त्यांचं लाकूड इथे आणून लावलं. म्हणजे तिकडचे जुने वासे इकडे आहेत.

मागची बाग, हुवोन, गाइडच्या फेरीतच बघता येते आणि जागा मर्यादित असतात. तिकिटं काही दिवस आधी ऑनलाइन खुली होतात, चांगल्या ऋतूत भराभर संपतात. काही तिकिटं त्याच दिवशी सकाळी खिडकीवर मिळतात. एकट्याचा फायदा इथे होतो: दोन जागा एकत्र नसतात तेव्हाही एक जागा मिळून जाते. ऑनलाइन हुकलं तर नऊच्या आधी खिडकीवर उभे राहा. आनगुक स्टेशन, तीन नंबरचा दरवाजा, तिथून पाच-सात मिनिटं चाललं की दोनह्वामुन वेस.

बागेत पहिलं येतं बुयोंगजी तळं. तळं चौकोनी, मधलं बेट गोल: पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल ही जुनी कल्पना. वरच्या इमारतीत राजा जोंगजोने १७७६ मध्ये ग्रंथालय थाटलं. पुढे एकाच दगडातून कोरलेली कमान लागते, तिच्याखालून गेलं की म्हातारपण येत नाही म्हणे. सगळे जातात, तुम्हीही जा.

आणि अगदी आत, झऱ्याकाठी, एक छोटीशी छत्री आहे तिचं छप्पर पेंढ्याचं. तिच्यासमोर वीतभर भातखाचर. राजा तिथे भात लावून पीक कसं येतं ते बघे, आणि त्याच भाताच्या पेंढ्याने छत्री शाकारत. आपल्याकडे कोकणात किंवा मावळात वाढलेल्या माणसाला चारी बाजूंच्या कौलारू डौलापेक्षा हे खाचर जवळचं वाटेल. गाइड इथे फार थांबत नाही. चालताना गटाच्या शेवटी राहा आणि मिनिटभर बघून घ्या, पण गट सोडून मागे राहू देत नाहीत.

बागेतून बाहेर पडल्यावर शेजारच्या छांगग्योंगगुंगमध्ये जा. राजा सोंगजोंगने १४८३ मध्ये विधवा राण्यांसाठी तो वाढवला. जपानी वर्चस्वाच्या काळात १९०९ साली इथे प्राणिसंग्रहालय केलं. राजाच्या घरात पिंजरे. प्राणी हलवून राजवाडा पुन्हा राजवाडा व्हायला १९८० चं दशक उजाडलं. त्या वेळचं पांढरं काचघर अजून आहे आणि ते सुंदरही आहे, हे कबूल करायला हवं. हा राजवाडा रात्री ९ पर्यंत उघडा असतो.

इथून जवळच जोंगम्यो आहे. जोंगम्योचं मुख्य दालन शंभर मीटरहून लांब, त्यात १९ कक्ष आणि ४९ स्मृतिफलक. रंगरंगोटी जवळजवळ नाही. आठवड्यातल्या साध्या दिवशी बहुधा गाइडसोबतच आत सोडतात, शनिवार-रविवारी मोकळं फिरता येतं.

दॉकसूगुंगसाठी वेगळा दिवस लागत नाही. तोही रात्री ९ पर्यंत असतो. सिटी हॉल स्टेशनला संध्याकाळी उतरा. शेवटच्या काळातल्या राजा गोजोंगचं हे घर. लाकडी दालनांशेजारी १९१० मध्ये पुरी झालेली दगडी, खांबांची पाश्चात्त्य इमारत. सगळ्यांत कमी वेळात सगळ्यांत जास्त इतिहास इथे दिसतो.

आता जेवण

कोरियात जेवण मुळात चारचौघांत वाटून खायचं. मांस भाजायच्या शेगडीची हॉटेलं, मोठ्या भांड्यातले रस्से, टेबलभर वाट्या मांडलेलं हानजोंगसिक, या सगळ्याला बहुतेक ठिकाणी कमीत कमी दोन माणसांची ऑर्डर लागते. त्यात अपमान वगैरे काही नाही, त्यांचा हिशेबच तसा आहे. अलीकडे एकट्याने जेवणारे कोरियन लोकही खूप वाढलेत, त्यामुळे एकट्यासाठीच्या जागा आहेत. त्या ओळखता आल्या पाहिजेत.

दारातून शिरताना एक बोट वर करून "हान म्यंगियो" म्हणा, म्हणजे एकच जण. शंका असेल तर "इरिनबुन द्वेयो?", एका माणसाचं मिळेल का. नाही म्हणाले तर हसून पुढे जा. बारा ते एक ऑफिसांची गर्दी, त्या वेळात चार खुर्च्यांचं टेबल एकट्याला कोणी देणार नाही. सव्वाअकराला किंवा दीडनंतर जा. तीन ते पाच अनेक हॉटेलं बंद असतात हेही ध्यानात ठेवा.

एकट्याला सोयीचे पदार्थ म्हणजे ज्यांचं माप मुळात एका वाडग्याचं असतं. गुकबाप म्हणजे भात घातलेलं सूप. कालगुक्सू, सुरीने कापलेल्या शेवयांचा रस्सा. बिबिमबाप, भाज्या आणि तिखट पेस्ट घालून कालवायचा भात. साम्ग्येतांग, ज्यात अख्खं छोटं कोंबडं तांदूळ, जिनसेंग, सुकी बोरं आणि लसूण भरून शिजवलेलं असतं आणि एका माणसाला एक कोंबडं हा नियमच. ग्योंगबोकगुंगच्या पश्चिमेला साम्ग्येतांगची जुनी ठिकाणं आहेत. कोंबडी खाणाऱ्यांनी पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण इथेच उरकावं.

त्याच बाजूला तोंगइन बाजार आहे. तिथली गंमत अशी की जुन्या पद्धतीची पितळी नाणी विकत घ्यायची, हातात रिकामा डबा घ्यायचा आणि गाळ्यागाळ्यांतून दोन-दोन नाण्यांचं थोडं थोडं घेत तो भरायचा. एकट्याला दहा पदार्थ चाखायची याहून चांगली सोय नाही. दुपार ओलांडू देऊ नका, माल संपतो.

दुसरा बाजार ग्वांगजांग, १९०५ पासूनचा, जोंगनो ओ-गा स्टेशनजवळ. इथे बाकावर बसायचं, समोर मावशी तव्यावर बिनदेत्तोक तळत असतात. जात्यावर दळलेल्या मुगाचं जाड धिरडंच ते, फक्त तेलात पोहणारं आणि कडेने कुरकुरीत. शेजारी बसलेला अनोळखी माणूस कुठला पदार्थ घ्यायचा ते खुणेने सांगतो. भाव आधी विचारा, पाटीवर बोट ठेवून ऑर्डर द्या आणि न मागितलेली बशी पुढे आली तर हाताने नको म्हणा. गर्दीच्या बाजारात एवढी सावधगिरी लागते.

शाकाहारी असाल तर

इथे फसगत होते ती समोर दिसणाऱ्या मांसापेक्षा न दिसणाऱ्या गोष्टींमुळे. किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या कोबीत, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो. भाज्यांच्या रश्शाचं, द्वेनजांगच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, आमटीचं पाणी सुकटीचं. थंड शेवयांचं पाणी अनेकदा बीफचं. बिबिमबापमधला खिमा काढायला सांगितला तरी वरून दिलेल्या परतलेल्या गोचुजांग या मिरचीच्या पेस्टमध्ये बीफचा चुरा असू शकतो. तेव्हा कितपत चालवून घ्यायचं हे घरूनच ठरवून निघा. "दिसणारं मांस नको, रश्शाचं चालेल" असं ज्यांना जमतं त्यांचं सोल सोपं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी वाट अरुंद आहे, पण आहे.

"गोगी प्पे जुसेयो" म्हणजे मांस वगळा. पण मासे-कोळंबी त्यांच्या हिशेबी गोगीत येत नाहीत, म्हणून "हेसानमुल प्पे जुसेयो" हेही जोडा. बीफ खात नसलेल्यांनी "सोगोगी" हा शब्द पक्का करावा. डुकराचं "त्वेजीगोगी", कोंबडीचं "दाकगोगी". गिमबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात, घेताना हॅम, फिशकेक आणि क्रॅबस्टिक काढायला सांगा, ते आधीच गुंडाळलेलं असेल तर दुसरं करून घ्या.

निर्धास्त खाता येण्यासारखं: उन्हाळ्यात मिळणारं कोंगगुक्सू, म्हणजे दळलेल्या सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवया. होबाकजुक, भोपळ्याची गोडसर खीर. पात्जुक, लाल चवळीसारख्या दाण्यांची. रताळी रस्त्यावर भाजून मिळतात.

पण खरी मेजवानी बौद्ध मठांच्या जेवणाची. त्यात मांस-मासे नाहीतच, शिवाय लसूण, पातीचा कांदा आणि त्यांच्या जातीच्या आणखी तीन भाज्याही वर्ज्य. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातल्या माणसाला परदेशात एवढं सुख क्वचित मिळतं. इन्सादोंगजवळ जोग्येसा मंदिर आहे. त्याच्या समोरच्या इमारतीत त्याच पंथाचं 'बालू गोंगयांग' हे उपाहारगृह आहे. आधी बुकिंग करा, आणि एकट्याचं घेतात का ते तेव्हाच विचारा. कमळाच्या मुळाचे काप, पानात वाफवलेला भात, तिळाच्या कुटातल्या रानभाज्या, एकामागून एक येत राहतं. महाग आहे. एक दिवस दोन वेळा गिमबाप खाऊन पैसे वाचवा आणि इथे घालवा, असं माझं सरळ मत.

घरून मेतकूट, खाकरे, भडंग न्यायला हरकत नाही. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

राजघराण्याचं जेवण

जोसोन राजाच्या ताटाला सुरासांग म्हणत, त्यात बारा तोंडीलावणी असत. राजाआधी दासी प्रत्येक घास चाखून बघे. राज्य १९१० मध्ये गेलं तरी ही पाककला मुदपाकखान्यातल्या शेवटच्या स्त्रियांपैकी हान ही-सुन यांच्यामुळे टिकली. १९७१ मध्ये कोरियाने तिला राष्ट्रीय अमूर्त वारसा ठरवलं. ग्योंगबोकगुंगमधला मुदपाकखाना, सोजुबांग, २०१५ मध्ये पुन्हा बांधला आहे. तिथेच वसंतात आणि शरदात 'सेंगग्वाबांग' नावाने राजघराण्याच्या मिठाया आणि औषधी चहा बसून खाता येतो. त्याचं आरक्षण आधी करावं लागतं आणि ते पटकन संपतं.

पूर्ण राजेशाही जेवण एकट्याला मिळवणं कठीण. त्यापेक्षा तुकड्यातुकड्यांनी चाखा. बाजारात लालभडक त्तोकबोक्की, म्हणजे तांदळाच्या चिवट वड्यांचा पदार्थ, मिळते ती अलीकडची; दरबारातली सोया सॉसमध्ये परतलेली, तिखट नसलेली, पण बहुधा बीफ घातलेली असते. नऊ खणांच्या डब्यात मांडलेलं गुजलफान काही कोरियन जेवणाच्या हॉटेलांत छोट्या मापात देतात. गोडात मधात मुरलेलं याकग्वा घ्या. इन्सादोंगच्या चहाघरांत ओमिजाचा आंबट-गोड लाल चहा किंवा दालचिनी-आल्याचं गार सुजंगग्वा मागवा. चहाघर ही एकट्याची हक्काची जागा. दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही.

टेबलावरचे काही नियम: चॉपस्टिक आणि चमचे अनेकदा टेबलाच्या कडेच्या खणात असतात, शोधा. पाणी बरेचदा स्वतः आणायचं. छोट्या वाट्यांतली बानचान, म्हणजे तोंडीलावणी, संपली की पुन्हा मागता येतात, पैसे पडत नाहीत. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते पितरांच्या विधीतलं दृश्य आहे. वाडगा हातात उचलू नका, भात चमच्याने खा. बिल काउंटरवर द्या, टिप ठेवू नका.

एकट्या बाईने

सोलमध्ये रात्री अकराला मेट्रोने परत येताना भीती वाटत नाही. मुंबईच्या शेवटच्या लोकलची सवय असलेल्या बाईला तर नाहीच. हॉस्टेलांत फक्त बायकांच्या खोल्या मिळतात. एका गोष्टीपासून मात्र सांभाळा: इन्सादोंग-म्यंगदोंग भागात गोड बोलणारी जोडी येऊन संस्कृतीचं सर्वेक्षण करतोय म्हणते, मग पारंपरिक विधीला चला म्हणते. तिथे पूर्वजांच्या नावाने पैसे काढतात. हात जोडा आणि चालू लागा.

एक दिवस सोलबाहेर

मेट्रोनेच सुवोनला जाता येतं. राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ या काळात, अवघ्या पावणेतीन वर्षांत बांधलेला ह्वासोंग कोट तिथे आहे, आणि आतमध्ये राजाचं प्रवासातलं निवासस्थान. कोटावरून चालायला दोन-तीन तास लागतात. किल्ल्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला जंग्या आणि बुरुज बघताना बरेच प्रश्न पडतील, माहितीफलक वाचत चला.

खाण्यासाठीच जायचं तर जोंजू. योंगसान स्टेशनवरून केटीएक्स या अतिजलद गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास. बिबिमबापचं हे माहेर, आणि जोसोन घराण्याचं मूळ गावही. ग्योंगीजोन या देवालयात तेजो राजाचं चित्र ठेवलंय. तिथल्या पितळी वाडग्यातल्या बिबिमबापवर कच्चं बीफही घालतात, म्हणून ऑर्डर देतानाच सांगा. शनिवार-रविवार टाळा.

परतताना विमानतळावर टी-मनी कार्डावर थोडे पैसे उरले असतील तर चोवीस तास दुकानाच्या काउंटरवर द्या. किरकोळ शुल्क कापून बाकी रोख हातात ठेवतात, आणि त्यात एक त्रिकोणी गिमबाप आरामात येतो. हॅमचं नाही ना, तेवढं पापागोला विचारून घ्या.